शेकड्याने घेतलेले बोंबील

गाळ्याच्या मालकांनी करार वाढवून देण्यासाठी एकच अट घातली होती. जिन्यात वास येता कामा नये.

आमचं दुकान नाहूर स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका सात मजली इमारतीच्या तळाशी आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला शिंपी, मधे आम्ही. पुढच्या फळीवर आईने स्वतः कुटून घेतलेला मसाला, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी. मागच्या बाजूला सुकट, जवळा आणि बोंबील. मसाल्याने दुकानाचं नाव झालं, पण दुकान चालतं ते सुक्या मासळीवर, आणि सुकी मासळी खरी विकली जाते ती मे महिन्यात. पावसात समुद्र बंद असतो म्हणून लोक आधीच भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. आगोट साधली तर वर्ष साधतं. आमचा करार संपत होता जूनमध्ये.

"परत तक्रार आली तर माझ्या हातात काही राहणार नाही हं," मालक म्हणाले. स्वतः मालवणकडचे. हे बोलताना त्यांची नजर बोंबलाच्या गोणीवरून हलत नव्हती. "कमिटीवाले माझ्या डोक्यावर बसलेत. मला काय, मी खातो. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो म्हणे वास."

ते गेल्यावर मी पत्रक लिहायला बसले.

हे माझ्या अंगातच आहे. माझे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं गेटवर वाटायचे. उरलेली घरी यायची. माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची, डब्याखाली तीच, कपाटाच्या फळीवर तीच. मी अक्षरं लावायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो'वर. दुसऱ्या मुली बडबडगीतं म्हणायच्या तेव्हा मला बोनसची मागणी पाठ होती. कारखाना बंद झाला, पुढे बाबाही गेले, पण वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह देण्याची सवय माझ्याकडे राहिली. कोणी अन्याय केला की मला आधी मथळा सुचतो, मग राग येतो.

त्या दिवशीचा मथळा होता 'अन्नाला जात लावणाऱ्यांना जाहीर सवाल!' खाली चार परिच्छेद. दुसऱ्या मजल्यावर रोज सकाळी हिंगाची फोडणी बसते तिचा वास जिन्यात चालतो, पाचव्या मजल्यावरचा धूप चालतो, गटाराचा चालतो, मग आमच्याच भाकरीबरोबरच्या बोंबलाचा का चालत नाही? आमचे लोक गावाहून इथे आले ते काय नाक मुठीत धरून जगायला? असं बरंच काही. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. ती बीडकडची. तिच्या लहानपणी आठवडी बाजारात समुद्रावरून आलेली सुकट मिळायची, भाकरीशी लावून खायचं चार दिवसांचं कोरड्यास त्यावर निघायचं. समुद्र तिने लग्नानंतर पाहिला.

"बरोबर लिहिलंय गं सगळं," ती म्हणाली. "तुझ्या बापानं सुद्धा असंच लिहिलं असतं."

"मग वाटू?"

"आधी इकडं ये." तिने मला गोणीपाशी नेलं आणि हात थेट तळाला घालून एक बोंबील वर काढला. तो तिने दोन्ही हातांनी वाकवला. वाकला. मोडला नाही. रबरासारखा गोल झाला. "हा बघ. त्या लोकांच्या मनात काय असंल ते असंल. पण ह्या गोणीतला वास खराय ना?"

मी वास घेतला. खरा होता. पत्रक टेबलाच्या खणात गेलं.

बोंबलाला वास असतोच. पण कडक वाळलेल्या बोंबलाचा वास दुकानात राहतो आणि ओलसर बोंबलाचा जिना चढतो. आमचा माल घाऊक बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून यायचा. वरचे दोन थर कडकडीत, खाली घाम सुटलेले. त्याला सांगितलं की तो म्हणायचा, "मौसम है ना बेन." थंडीतही मौसम, उन्हातही मौसम. त्याच्यानंतर मी फोनवर एक ठिकाण शोधलं, 'किनाऱ्यावरून थेट तुमच्या दारी' असं लिहिलेलं. फोटो झकास. माल आला तो एवढा मिठात लोळवलेला की आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी परत आणून दिला. "अगं, हे बोंबील घातलेलं मीठ आहे, मिठाच्या भावात दे," असं चार माणसांसमोर म्हणाल्या.

तेव्हा मी आईला म्हटलं, मधले दलाल काढून टाकायचे. पिकवणारा आणि खाणारा, यांच्यामध्ये कोणी नको. हे वाक्य बाबांच्या एका जुन्या पत्रकातलं जसंच्या तसं होतं.

"समुद्रात कोण पिकवतं?" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने शिंप्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

आम्ही घाटकोपरला गेलो, तिथून मेट्रोने वर्सोव्याला, मग रिक्षाने धक्क्यावर आणि तिथून तरीने मढला. ती होडी इतकी थोडी चालते की बसेपर्यंत उतरायची वेळ होते. आईने तेवढ्यातही कठडा घट्ट धरला होता. पलीकडे उतरून कोळीवाड्याच्या मागे गेलो तर वाळूवर बांबूच्या उंच वलांड्या उभ्या होत्या, दोऱ्या ताणून केलेल्या, आणि त्यांवर बोंबील वाळत होते. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले, लांबून धुणं वाळत घातल्यासारखं दिसत होतं. आई बराच वेळ बघत उभी राहिली. आयुष्यभर खाल्लेली गोष्ट ती पहिल्यांदा टांगलेली बघत होती.

"काय गो, शूटिंगला आल्या का?" मागून आवाज आला.

आईच्याच वयाची एक कोळीण होती, डोक्याला रुमाल बांधलेला, अंगठ्यांनी भरलेला हात कमरेवर. तिथले बंगले शूटिंगला देतात, म्हणून अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न हाच.

"आम्ही दुकानवाले," आई म्हणाली. "बोंबील बघायला आलो."

"बघायला पैसे नाय. घ्यायला लागतात." ती स्वतःच्याच बोलण्यावर मोकळं हसली. मग आईला एका उलट्या टोपलीवर बसायला सांगितलं आणि मला उभंच ठेवलं.

माल तिचाच होता. नवऱ्याची बोट, पण किनाऱ्याला लागल्यापासूनचा सगळा कारभार तिचा. दर तिने शेकड्याचा सांगितला, म्हणजे शंभर नगांचा.

मी म्हटलं, "नगावर नको. वजनावर द्या."

यामागेही एक पत्रक होतं. मी लहान असताना आमच्या वस्तीतल्या रेशन दुकानात मापात मारायचे, आणि त्याविरुद्ध बाबांनी छापलेल्या कागदावर वरती तराजूचं चित्र होतं, खाली लिहिलं होतं, 'काट्याकडे डोळे ठेवा!' तो कागद आमच्या दाराच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चिकटवलेला होता. नग म्हणजे अंदाज, ढीग म्हणजे लबाडी, वजन म्हणजे न्याय, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. म्हणून मी पिशवीतून आमचा हुकवाला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बाहेर काढला. तिथे त्याच्याकडे बघायला आजूबाजूच्या आणखी दोघीजणी आल्या.

"आये, काटा घेऊन आलीय पोरगी!" एक म्हणाली. "सोनं घ्यायला आलीस काय गो?"

"मोठ्या व्यापाऱ्याला वजनानंच देते मी," कोळीण म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "तुला बी देते. वजनानं पायजे ना? वजनानं घे."

आई माझ्याकडे बघत होती. ती काही तरी बोलणार होती, पण मी दर ठरवून टाकला.

माल चार दिवसांनी तिच्या भाच्याच्या टेम्पोतून मालाडमार्गे आला. एका आठवड्यात गोणीला घाम सुटला. मी गोणी उपसून दुकानाच्या दारात कागदांवर पसरली, पंखा लावला, आणि त्यामुळे तर वाटच लागली, कारण आत कोंडलेला सगळा वास सुटून सरळ जिन्यात गेला. संध्याकाळी मालक आले. या वेळी गोणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई," ते आईला म्हणाले, "मी दुसरा भाडेकरू बघू का? स्पष्ट सांगा. मोबाईल रिपेअरवाला मागतोय गाळा."

"आगोट येऊ द्या," आई म्हणाली. "मेमध्ये या. वास आला तर मी स्वतः चावी देते."

मला विचारल्याशिवाय एवढा मोठा शब्द तिने कधी दिला नव्हता. चावी दिली असती तर तिला परत लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जावं लागलं असतं. बाबांनंतर तिने तेच केलं होतं आणि गाळा घेतला त्या दिवशी लाटणं माळ्यावर टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत मढला गेलो. मी भांडायच्या तयारीत होते. गाडीत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, 'तुम्हीसुद्धा कष्टकरी आणि आम्हीसुद्धा' वगैरे. मढच्या कोळणीने फसवलं, याचं मला जास्त लागलं होतं. व्यापाऱ्याने फसवलं तर ते त्याच्या जागी बरोबर असतं.

ती वलांडीखाली उभी राहून बोंबील उलटे करत होती. आम्हाला बघून तिने काम थांबवलं नाही.

"ओले दिले तुम्ही," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

मी जुळवलेल्या वाक्यांमध्ये या 'हो'ला जागा नव्हती.

"वजनानं घेतलेस ना? वजनाचा माल आसाच आसतो. तुझा बाजारातला व्यापारी माझ्याकडनं, नायतर माझ्यासारखीकडनंच घेतो. तो पन वजनानं घेतो. ह्याला आजून दोन दिस उन्हात ठेवला तर काय व्हतं?"

"कडक होतो."

"आन् वजन?"

उत्तर मला आलं होतं, आणि ते आल्याबरोबर त्याच्या मागून दुसरंही आलं. ही बाई वलांडीखाली आणखी दोन दिवस राबली, पहाटे झाकण काढलं, कावळे हाकलले, बोंबील उलटे केले, तर तिच्या मालाचं वजन कमी होतं. म्हणजे तिने जितकं जास्त काम करावं तितके तिला पैसे कमी. आणि लवकर उतरवून पाणी विकलं की जास्त. हा हिशोब कोणी लबाडीने तिच्यावर लादला असेल तर तो मी, माझ्या न्यायाच्या काट्याने, स्वतः उचलून तिच्या दारात नेला होता. बाबांच्या सगळ्या पत्रकांमध्ये कामाचा दाम हा शब्द होता. इथे मी तोच उलटा लटकवून आले होते.

मी हे तिला मोठ्याने सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असावं, कारण पलीकडच्या वलांडीवरच्या बायका बघायला लागल्या.

"भाषण देते गो तुझी पोर," ती आईला म्हणाली.

"बापावर गेलीय," आई म्हणाली. "तू शेकड्याचं बोल."

मग त्या दोघी टोपल्या उलट्या करून बसल्या आणि मला पहिल्यांदाच कळलं की आई अशी बोलू शकते. आई म्हणाली, शेकड्याने घेऊ, पण मधे मधे बोटाएवढे घुसडायचे नाहीत. कोळीण म्हणाली, मागे एकाला शेकड्याने दिले तर तो मोठे मोठे निवडून गेला, माझ्याकडे चिंगळ्या राहिल्या, म्हणून निवडायला मिळणार नाही. आई म्हणाली, मग मी काय डोळे झाकून घेऊ? कोळीण म्हणाली, झाक, नवरा पन तसाच केलास ना? दोघी इतक्या हसल्या की आईचा चष्मा घसरला.

शेवटी ठरलं ते असं. निवडायचं नाही आणि घुसडायचं नाही. वलांडीवरची दोरी जशी भरली तशीच्या तशी उतरवायची, मोठा लहान जो येईल तो, आणि नग मोजून घ्यायचे. शेकड्यामागे चार नग वरचे, बिनपैशाचे. दर तिच्या पहिल्या दरापेक्षा थोडा चढा, कारण आई म्हणाली की दोन दिवसांचं ऊन आम्ही विकत घेतोय. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

"आन् कडक झाला का नाही ते कोण ठरवणार?" कोळणीने विचारलं.

"मी," आई म्हणाली. उठून खालच्या दोरीवर, जिथे ऊन कमी पोचतं, तिथला एक बोंबील तिने काढला आणि मोडला. थोडा वाकला, मग तुटला. "अजून एक दिवस."

"मोडलेला तुझ्या शेकड्यात धरला मी."

"धर. पण प्रत्येक वेळी खालचाच मोडणार."

नमुन्याला एक जुडी घेऊन आम्ही मालाडच्या बसने परतलो. आमच्या शेजारी बसलेल्या एका माणसाने नाकाला रुमाल लावला आणि उठून पुढे जाऊन उभा राहिला. माझ्या तोंडात मथळा आलाच होता. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"जागा झाली ना? मग पाय लांब कर."

त्यानंतर मार्च आणि एप्रिलमध्ये थोडा थोडा माल आला. दर वेळी आई किंवा मी जायचो, खालच्या दोरीवरचा एक मोडायचो. एकदा मला वाकलेला मिळाला आणि मी रिकाम्या हाताने परत आले. कोळीण तेव्हा चिडली, टेम्पो सांगून ठेवला होता म्हणाली, आणि भाच्याला माझ्यासमोर शिव्या घातल्या, ज्या खरं तर मला होत्या. एकदा तिनेच फोन केला, "आज येव नको, ढग हायेत." असा फोन आम्हाला आजवर कुठल्याही व्यापाऱ्याने केला नव्हता. आईने फोन ठेवला आणि मोजलेले पापड परत मोजायला घेतले.

दुकानात आम्हीही नगाने विकायला लागलो. पहिल्यांदा गिऱ्हाइकं कुरकुरली. "किलो नाही? कसला धंदा करताय?" मी त्यांना ऊन, पाणी आणि मजुरी यांचा संबंध समजावून सांगायचे. ते अर्ध्यातच कंटाळायचे. आई नुसता एक बोंबील त्यांच्या हातात द्यायची. "मोडून बघा." कडकन आवाज यायचा आणि ते पिशवी पुढे करायचे.

मेमध्ये आगोटीचा सगळा माल एकाच दिवशी आला. आम्ही गोण्या मागच्या भिंतीला लावून रचल्या, खाली लाकडी फळ्या टाकून. दुकानात हलायला जागा नव्हती. दोन दिवसांनी दुपारी मालक आले. दाराबाहेरच उभे राहिले, एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, नाकाने हलकेच हवा ओढली.

"माल आला नाही काय अजून?" त्यांनी विचारलं.

आईने आत, मागच्या भिंतीकडे बोट केलं. ते वाकून बघायला लागले. छताला टेकलेल्या गोण्या बघून आत आले.

"हे सगळे बोंबील?"

"सगळे."

त्यांनी खाली सुट्या ठेवलेल्या एका गोणीचं तोंड उघडून आत तोंड घातलं, अगदी आमच्या गावाकडे विहिरीत वाकून बघतात तसं. बाहेर आले तेव्हा चेहरा बदललेला होता.

"आमच्या आईकडे असे असायचे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "दोन शेकडे बांधून ठेवा. संध्याकाळी मुलाला पाठवतो. मागच्या बाजूने."

"पुढच्या बाजूनेच पाठवा," मी म्हटलं. आईने माझ्याकडे बघितलं, पण या वेळी थांबवलं नाही. मालक जरा हसले, जरा ओशाळले. मुलगा पुढच्या बाजूनेच आला.

करारावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी मी टेबलाच्या खणातून पत्रक बाहेर काढलं. ते मी फाडलं नव्हतं. माल चांगला असला म्हणून सवाल खोटा ठरत नाही. ओल्या बोंबलाला नाक मुरडणं वेगळं आणि बोंबील खाणाऱ्याला मुरडणं वेगळं, आणि आता आमच्या मालाचा वास जिन्यात जात नव्हता म्हणून तर हा फरक मला स्वच्छ मांडता येत होता. मी एक परिच्छेद वाढवला, दोन उद्गारचिन्हं कमी केली आणि आईपुढे ठेवलं.

तिने चष्मा लावून परत सगळं वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेऊन अगदी तळाला, जिथे बाबांच्या पत्रकांवर छापखान्याचं नाव असायचं तिथे, आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमचे बोंबील मोडून बघा.'

"आता वाट," ती म्हणाली.

झेरॉक्सवाल्याने शेजारधर्म म्हणून प्रती फुकट काढून दिल्या. सातही मजल्यांवर मी स्वतः जाऊन प्रत्येक दाराच्या फटीतून एक एक सरकवली. तिसऱ्या मजल्यावर जरा जास्त वेळ थांबले. कोणी दार उघडलं नाही.

वरच्या पाच परिच्छेदांबद्दल आजपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. कमिटीकडे पहिली तक्रार त्यांनीच केली होती, हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यांना. हातात आमचं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं, तळाची ओळ वर येईल असं.

"हे लिहिलंय ते खरं का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, घ्यायला नको. नुसतं मोडलं तरी चालेल?"

आईने गोणीच्या तळाला हात घातला.